भरलेली ट्रॉली जागच्या जागी थांबत नसते

आज सकाळी आडगाव नाक्यावर एका मुलाने स्कूटर थेट कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरपुढे घातली. अपघात टळला, पण जमलेल्या मंडळींनी शिव्या दिल्या त्या ट्रॅक्टरवाल्यालाच. "वेळेवर ब्रेक लावता येत नाही का?" असे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी नववीत संवेगाची व्याख्या घोकून गुण मिळवले असतील, याचाच मला अधिक संताप आला.

आमचे काका लासलगावला कांदा नेत, तेव्हा सुट्टीत मी मडगार्डवर बसून सोबत जात असे. भरल्या ट्रॉलीने जाताना बाजार समितीचे फाटक लांबून दिसताच ते वेग उतरवू लागत. रिकाम्या ट्रॉलीने परतताना मात्र अगदी वळणाजवळ येऊन ब्रेक दाबत.

संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. ट्रॅक्टर व रिकामी ट्रॉली मिळून ३ टन धरा आणि वर ३० क्विंटल कांदा. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेग असेल, तर १५,००० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद असलेला संवेग ३०,००० होतो. काकांच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. थांबवणारे बळ काय ते ट्रॅक्टरच्या चाकांचे. बळ साधारण तेवढेच राहिले, की थांबायला वेळ दुप्पट लागतो आणि अंतरही दुप्पट. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला दुसरा नियम संवेगाच्या बदलाविषयीच आहे. काकांना न्यूटन ठाऊक नव्हता, फाटक ठाऊक होते.

ट्रॉलीला ब्रेक हवेत आणि ओझे बेताने भरावे, हे मान्य. म्हणून तिच्यापुढे स्कूटर घालायची?

त्या मुलावर मात्र आता राग धरवत नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि हेल्मेट कोपराला लटकत होते. डोके आपटले की त्याचा संवेग शून्य व्हायचाच. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर दबताना थांबण्याचा वेळ वाढतो आणि तेवढे बळ कमी होते, हे त्याला कोणी सांगितले असेल? त्याच्या वाट्याला सूत्र, एकक आणि दोन गुण आले असणार.

मित्रयादीतील विज्ञानशिक्षकांना विनंती आहे, की त्यांनी नववीचा वर्ग एकदा एखाद्या शेतकऱ्याच्या मोकळ्या आवारात न्यावा, एकाच वेगाने आलेली रिकामी आणि भरलेली ट्रॉली किती अंतरात थांबते ते मुलांना दुरून पाहू द्यावे आणि मग ते अंतर त्यांच्याकडून पावलांनी मोजून घ्यावे.