पौष संपला की

जर्मनीत आगाऊ वेळ घेतल्याशिवाय कुणी कुणाच्या दारी जात नाही. सख्खा भाऊसुद्धा आधी फोन करतो. त्यामुळे स्टुटगार्टमधल्या आमच्या घराची बेल वाजली की बाहेर तिघांपैकीच कुणीतरी असतं. शेजाऱ्याचं पार्सल आमच्या गळ्यात मारायला आलेला कुरियरवाला, हीटरची मीटरं वाचणारा माणूस, नाहीतर देव. देव स्वतः येत नाही. त्याच्या वतीने पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पाटी लावलेली दोन पोरं येतात.

ही मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथाची मिशनरी पोरं. चर्चचं खरं नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 2018 पासून त्यांच्या अध्यक्षांनी हेच पूर्ण नाव घ्यायचा आग्रह धरला. अध्यक्षांना स्वतः दारोदार हिंडायचं नसल्यामुळे हे जमलं असावं, कारण जर्मन माणूस 'लॅटर-डे'पर्यंत दार उघडं ठेवत नाही. तरी हा देश बराच सोयीचा. आमच्या श्वाबिश भागात माणूस 'ग्र्युस गॉट' असं देवाचं नाव घेऊन दार उघडतो आणि देवाचं नाव ऐकून बंद करतो. बंद करता करता 'आम्हाला यहोवाचे साक्षीदार नकोत' असंही सांगतो. ते दारोदार हिंडणारे दुसऱ्या पंथाचे, आम्ही वेगळे, हे या पोरांना बंद दाराला समजावून सांगावं लागतं.

पाटीवर 'एल्डर' ही पदवी आणि पुढे आडनाव. पहिलं नाव मिशन संपेपर्यंत कुणी घेत नाही. आडनावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही घरातल्या घरात त्यांच्या अमेरिकेतल्या राज्यांवरून एकाला 'आयडाहो' आणि दुसऱ्याला 'युटा' म्हणायला लागलो. दोघांची वयं एकोणीस. पोरगा अठराचा झाला की अर्ज करायचा, मग चर्च कळवणार की तू अमुक देशात जा. पसंती विचारत नाहीत. आयडाहोला मनातून ब्राझील हवं होतं. पत्र उघडायला आजी-आजोबांसकट सगळं खानदान जमलं होतं आणि आतून स्टुटगार्ट निघालं. 'स्टुटगार्ट कुठे आलं?' असं आजोबांनी विचारलं म्हणे.

सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, पोहणं नाही. जोडीदाराने जोडीदाराच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं, तेही चोवीस तास. त्यात हे शहर वसलंय खोलगट दरीत, आणि चढावर वस्त्यांना जोडणारे 400 च्या वर दगडी जिने. सायकल घेतली तर ती खांद्यावर वाहावी लागते. माझा पुण्यातला भाचा याच वयाचा आहे. त्याला उठवायला बहीण नऊपासून सुरुवात करते आणि साडेदहाला नाद सोडते.

तर पहिल्यांदा ही पोरं आली तेव्हा मी दारातच त्यांचं ऐकून घेतलं. आम्ही तिघंही जर्मनमध्ये बोलत होतो. त्यांनी युटातल्या प्रोव्हो गावच्या प्रशिक्षण केंद्रात सहा आठवड्यांत घोटलेलं जर्मन, माझं कंपनीने संध्याकाळच्या वर्गात शिकवलेलं जर्मन. विषय सृष्टीचा कर्ता आणि मरणोत्तर जीवन. क्रियापद वाक्याच्या शेवटी येईपर्यंत माणूस मेल्यावर त्याचं काय होतं हे तिघांनाही कळत नव्हतं. एवढ्यात माझा मोबाइल वाजला आणि मी इंग्रजीत 'सॉरी' म्हणालो. दोघांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की दृष्टान्त झाला असावा.

निघताना मी म्हणालो, "या पुन्हा कधीतरी."

हे ऐकून आजवर एकही मराठी माणूस परत आलेला नाही. युटाने खिशातून फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, "मंगळवार की गुरुवार?"

इथून माझ्या हालअपेष्टा सुरू झाल्या. या पोरांना 'नाही' ऐकायचं शिक्षण मिळालेलं असतं. दिवसभरात ते इतक्यांदा ऐकतात की त्यांना त्याचं काही वाटत नाही. जर्मन माणसाला 'नाही' म्हणायचं शिक्षण आईच्या पोटातूनच मिळतं. दोघांचं छान चालतं, अर्ध्या मिनिटात व्यवहार पूर्ण. मधे लटकलो मी. आमच्या घरात तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'बघतो', 'कळवतो', 'घरी विचारून सांगतो' यावर आमच्या दोन पिढ्यांचे संसार झाले.

गुरुवारी सात वाजता आले. बायकोने आधण ठेवलं, आलं किसलं, आणि युटा अत्यंत नम्रपणे म्हणाला, "आम्ही चहा घेत नाही." कॉफी? तीही नाही. 1833 साली त्यांच्या चर्चच्या संस्थापकाला, जोसेफ स्मिथला, तसा दैवी संदेश आला होता. दारू, तंबाखू आणि 'गरम पेयं' वर्ज्य. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ पुढच्यांनी लावला. कोको गरम असला तरी चालतो, आणि बर्फ घातलेला चहा थंड असला तरी चालत नाही. शास्त्रार्थ म्हटला की असं होतंच, आमच्याकडेही साबुदाणा उपासाला चालतो. पण पाहुण्याला चहा नाही म्हणजे द्यायचं काय? बायको किसलेल्या आल्याकडे बघत उभी राहिली. शेवटी कोकम सरबत झालं. त्याचा रंग बघून दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ही वाइन नाही हे पटवून देण्यात त्या दिवशीचा निम्मा धर्मोपदेश गेला.

आईला नाशिकला फोनवर सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "पगार किती देतात पोरांना?"

"पगार नाही. उलट घरच्यांनी महिन्याला 500 डॉलर भरायचे."

"आणि घरी कधी येतात?"

"दोन वर्षांनी. आता आठवड्यातून एकदा फोन करू देतात. 2019 च्या आधी वर्षातून दोनच फोन असायचे, नाताळला आणि मदर्स डेला."

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "स्वतःच्या पैशाने पायपीट करायची म्हणजे वारीच झाली की ही. त्यांना जेवायला घाल." वारकरी बेल वाजवत नाहीत आणि तुझा विठ्ठल बदल म्हणत नाहीत, हा फरक मी काढला. पण आईपुढे धर्मशास्त्र चालत नाही. जेवायला घालायचं म्हणजे घालायचं.

मग बटाटेवडे झाले. बायकोचे वडे जर्मनीत आल्यापासून बिघडले होते, सारण चिकट व्हायचं. आयडाहोचा बाप बटाट्याची शेती करतो. दोन वडे खाऊन झाल्यावर पोरगा संकोचत म्हणाला, "मॅम, तुमचा बटाटा चुकतोय." मग उठून स्वयंपाकघरात गेला. नजरेच्या टप्प्याच्या नियमामुळे युटाही हातात बशी घेऊन मागोमाग गेला. आयडाहोने पिशवीवरची अक्षरं दाखवली. जर्मन दुकानांत बटाटा कसा शिजतो त्यावरून पिशव्या वेगळ्या ठेवतात. शिजल्यावर घट्ट राहणारा, मध्यम, आणि पिठूळ. आम्ही इतके दिवस सॅलडचा घट्ट बटाटा कुस्करत होतो. पुढच्या गुरुवारी पिठूळ बटाट्याचे वडे झाले आणि ते थेट दादर स्टेशनबाहेरचे लागले. या पोरांनी आमच्या घरात जो काही प्रकाश पाडला तो एवढाच, पण तो पक्का आहे.

एकदा मला ऑफिसात उशीर झाला. पोरं वेळेवर आली, बायकोने दार उघडलं आणि आत या म्हणाली. दोघंही हलेनात. घरात बाई एकटी असेल तर पाऊल टाकायचं नाही, असा नियम. बायकोला वाटलं, आपल्याकडून काही आगळीक झाली. ती आग्रह करतेय, ती दोघं मागे सरकतायत. शेवटी तिने उपम्याच्या बशा बाहेर आणून दिल्या. मी आलो तेव्हा दोन टायवाली पोरं जिन्याच्या पायरीवर गुडघ्याला गुडघा लावून उपमा खात होती आणि बायको उंबऱ्याच्या आत उभी राहून 'आणखी वाढू का' विचारत होती. हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून मान वर करून बघत होत्या.

या आजींनी पोरांच्या तोंडावर दार लावलं होतं. युटाने त्यांना मोठ्या आशेने सांगितलं होतं की आमच्या बारा प्रेषितांपैकी एक, डीटर उख्तडॉर्फ, जर्मन आहेत आणि पूर्वी लुफ्तान्साचे वैमानिक होते. आजी म्हणाल्या, "मग विमान का सोडलं?" आणि कडी घातली. 1985 साली, मधे भिंत उभी असताना, कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत फ्रायबेर्गला या चर्चने आपलं मंदिर उभारलं. तेवढी राजवट वळली, पण आमच्या दुसऱ्या मजल्याने दाद दिली नाही.

तो मजला पडला झाडूने. श्वाबेनमध्ये केअरवोखं नावाचं व्रत असतं. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडून पुसायची पाळी तुमची. उपम्याच्या दिवशी पाटी आमच्या दारावर होती. पोरांनी विचारलं, काही मदत करू का? सेवा करणं त्यांच्या कामातच असतं. मी सवयीने 'नको नको' म्हणालो, आणि ते त्यांनी आमच्या पद्धतीप्रमाणे 'हो' धरलं. एवढं एकच मराठी त्यांना बरोबर आलं. शर्टाच्या बाह्या सारून तिसऱ्या मजल्यापासून तळघरापर्यंत जिना झाडला, पुसला, कठड्याच्या खालच्या बाजूनेसुद्धा फडकं फिरवलं. आजींनी येऊन कठड्याखालून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि पोरांना आत बोलावून केक दिला. धर्मावर अवाक्षर नाही. निघताना मात्र विचारलं, "पुढच्या आठवड्यात माझी पाळी आहे, मोकळे आहात का?"

मी एकदा भीड चेपून त्यांना आमचा इतिहास ऐकवला. तुमचा ह्यू फिंडले नावाचा माणूस 1852 मध्ये मुंबईला उतरला, मग पुण्याला गेला, तिथे छोटीशी शाखा काढली, 1855 मध्ये मराठ्यांना उद्देशून पुस्तिकाही छापली, आणि त्याच साली परत गेला. म्हणजे आमच्या लोकांनी तुम्हाला पावणेदोनशे वर्षांपूर्वी ऐकून घेतलेलं आहे. हा पुरावा मी विषय मिटवायला दिला होता. युटाचे डोळे चमकले. "म्हणजे काम अर्धवट राहिलंय!" आयडाहो म्हणाला. पुणेकराला दारावर उभं राहून काही नवीन पटवायचं हे काम अर्धवटच राहतं, हे त्याला कोण सांगणार.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला थेट विचारलं, बाप्तिस्मा घ्याल का? आणि लगेच तारीख. 13 सप्टेंबर, शनिवार. पांढरे कपडे घालून पूर्ण पाण्यात बुडवतात. बायकोने काळजीने विचारलं, "पाणी गरम असतं का?" असतं म्हणाले. माझा तो बचाव गेला. मी तिच्याकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "तेव्हा पितृपक्ष आहे."

युटाने स्पेलिंग विचारून घेतलं. कधी संपतो? 21 ला. बरं.

25 ला हजर. आमच्याकडे घट बसलेले. मी म्हणालो, चातुर्मास चाललाय, कार्तिकी एकादशीपर्यंत देव झोपलेले असतात. त्यांनी घटाकडे, समईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, पण वाद घातला नाही. 2 नोव्हेंबर लिहून घेतलं. देव उठले, तुळशीचं लग्न लागलं, आणि मार्गशीर्ष उजाडला. त्यातले गुरुवार बायकोच्या महालक्ष्मीचे. पोरांना प्रसाद मिळाला, मला महिना मिळाला. मग पौष. पौषात शुभकार्य करत नाहीत. नास्तिक म्हणून मी कॉलेजात मिरवलो, पण पंचांगाची किंमत मला स्टुटगार्टमध्ये कळली. आमच्या पूर्वजांनी हे सगळं ग्रहताऱ्यांसाठी रचलं असेल असं मला आता वाटत नाही. त्यांनाही कुणीतरी तारीख मागत असणार.

मधल्या काळात आयडाहोची बदली झाली. दर सहा आठवड्यांनी हलवाहलव असते. जाताना तो बायकोला बटाटे साठवायची रीत सांगून गेला. डिसेंबरात युटाची दोन वर्षं भरली आणि तो घरी गेला. घरी जाऊन आधी काय करणार विचारलं तर म्हणाला, बाथरूमला एकटा जाणार आणि बाहेर कुणी उभं नसणार. त्याने आम्हाला मिठी मारली, आजींच्या दारावर नाताळचं कार्ड ठेवलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

मला हे माहीत नव्हतं की प्रत्येक घराची नोंद यांच्या ॲपमध्ये असते आणि येणाऱ्या जोडीला ती वारसाहक्काने मिळते. जानेवारी संपत आला तशी एका गुरुवारी सात वाजता बेल वाजली. दोन नवे. एक कॅनडाचा, चष्मेवाला. दुसरा टोंगाचा. त्याच्या खांद्यांमागे जिना दिसेनासा झाला होता, आणि बायको नजरेनेच पोळ्यांचा हिशेब करायला लागली.

"आमच्याकडे लिहिलंय," कॅनडा फोनमध्ये बघत म्हणाला, "तिसरा मजला, लिफ्ट नाही, जेवण उत्तम, चहा नाकारल्यास वाईट वाटतं. पौष संपला की यावे." मग मान वर करून म्हणाला, "पौष 18 तारखेला संपला."

मी बायकोकडे बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली आणि पानं उलटत म्हणाली, "यंदा अधिक महिना आलाय. ज्येष्ठ. 17 मेपासून."

टोंगाने इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. त्याने आपला फोन आमच्यापुढे धरला. त्यात पंचांगाचं ॲप होतं. "हो, तो बघितला आम्ही," तो म्हणाला. "पण त्याआधी 19 एप्रिलला अक्षय्य तृतीया दिसतेय. तो दिवस चांगला असतो ना?"