निर्दोष अहवाल मिळवण्याचा राजमार्ग

भाजी विषमुक्त पिकवायची तर फार कटकटी. फवारा आवरा, तोडणीआधी ठरलेले दिवस थांबा, वर कीड सोसा. तुम्हाला हवाय तो 'कीटकनाशकाचा अंश नाही' म्हणणारा प्रयोगशाळेचा कागद, तर कागदाकडेच लक्ष द्या ना!

पहिल्यांदा नमुना. कोडेक्सचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचे, नियम म्हणतात, टोमॅटोएवढी भाजी असेल तर मालात ठिकठिकाणाहून किमान १० नग उचला, वजन किमान १ किलो भरलं पाहिजे. लोकांना वेळ फार असतो. तुम्ही आपला न फवारलेला कोपरा गाठा, तिथले देखणे नग घ्या आणि चोळून धुवा. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, औषध धुऊन जात नाही म्हणा, पण त्याचा बंदोबस्त पुढे आहे. नमुना स्वतः नेऊन द्या. 'निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता' ही ओळ तळाशी बारीक अक्षरात येईल. ती वाचणारा अजून जन्मायचाय.

मग काय काय तपासायचं त्याची यादी. प्रयोगशाळा मागितलं तेवढंच शोधते, तेव्हा तुम्ही जे मारलंय ते सोडून बाकीचं मागा. मोठी यादी गळ्यात पडलीच तरी धीर सोडू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेली केचर्स (QuEChERS) ही चाचणीची पद्धत भाजीच्या लगद्यात अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक घालून शेकडो कीटकनाशकं एका झटक्यात ओढून काढते, पण ग्लायफोसेट हे तणनाशक पाण्यातच बसून राहतं. त्याला वेगळी चाचणी लागते. ती मागायची तुम्हाला काय हौस? शिसं-कॅडमियमचं तर यंत्रच निराळं.

खरी गंमत यंत्राच्या नजरेत आहे. युरोपात ज्या रसायनाला स्वतंत्र मर्यादा नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते; म्हणजे १०० टनांत १ ग्रॅम. इतकं बारीक बघणाऱ्यांशी सोयरीक नको. ०.१ च्या खाली ज्यांना मोजता येत नाही अशांकडे जा. तिथे ०.०८ असलं तरी मोजलं जाणार नाही, आणि तुम्ही पाकिटावर बिनधास्त '१०० टक्के रसायनमुक्त' छापा. हाच कागद पुढची चार पिकं वापरा. भाजी नासते, कागद नासत नाही.

कोबीवाल्यांची मात्र चंगळ आहे. डायथायोकार्बामेट बुरशीनाशकं सहसा थेट मोजत नाहीत, त्यांच्यापासून सुटणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. आणि कोबीतून तो चाचणीत आपसूकही सुटतो. म्हणजे काहीच न फवारणारा बिचारा अडकू शकतो. या अन्यायाबद्दल तावातावाने बोला. फवारलं असेल तर जरा जास्तच.