पेनल्टीच्या वेळी गोलकीपर जागेवर का थांबत नाही?

फुटबॉलमधली पेनल्टी डोळ्यांसमोर आणा. चेंडू गोलपासून 11 मीटरवर. गोलची रुंदी 7.32 मीटर, उंची 2.44. किक बसली की अर्ध्या सेकंदाच्या आत चेंडू जाळ्यात असतो. त्यामुळे चेंडू कुठे चाललाय हे बघून उडी मारायला वेळच नसतो, कीपरला किक बसतानाच काय ते ठरवावं लागतं. इस्रायली संशोधकांनी वरच्या दर्जाच्या सामन्यांतल्या 286 पेनल्टी तपासल्या आणि 2007 मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे 94 टक्के वेळा कीपरनी डावी-उजवीकडे झेप घेतली होती. डावीकडे झेपावून त्यांनी अडवल्या 14 टक्के, उजवीकडे 13 टक्के. आणि जे थोडे जागेवर थांबले, त्यांनी अडवल्या 33 टक्के.

उद्यापासून सगळेच कीपर मधे थांबू लागले तर किक मारणारेही कोपरे शोधतील आणि हा फायदा विरून जाईल, हे खरं. पण त्या 286 किकांपुरतं बोलायचं तर थांबणं फायद्याचं होतं आणि जवळजवळ कुणीच थांबत नव्हतं. ही माणसं आयुष्यभर हेच काम करत आलेली, मोबदलाही भरपूर. मग त्यांना हलवत काय होतं?

गोल वाचवायची इच्छा, हे उत्तर इथे पुरत नाही. ती इच्छा थांबणाऱ्याकडेही तेवढीच असते. डॅनियल कानेमन आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडलेला विचार इथे चपखल बसतो: नुकसान तेच असलं, तरी रीत मोडून झालेलं नुकसान जास्त डाचतं. कीपरची रीत झेपावण्याची. झेपावला आणि गोल झाला, तर ‘बिचाऱ्याने जिवाचं रान केलं’. उभा राहिला आणि गोल झाला, तर ‘नुसता बघत राहिला’. त्या अर्ध्या सेकंदात त्याला ढकलते ती ही दुसरी टीका. सामन्यानंतर विचारलं तर तो अगदी प्रामाणिकपणे सांगेल की किक मारणाऱ्याच्या धावण्यावरून वाटलं डावीकडे मारेल. खोटं तो बोलत नसतो. कृती आधी घडलेली असते आणि कारण मागाहून जमवलेलं असतं, एवढंच.

माझं म्हणणं या एका गोष्टीपुरतं आहे. माणूस असा का वागला हे शोधताना आपण त्याच्या मनात खोल विहीर खणायला घेतो: महत्त्वाकांक्षा, लोभ, बालपण, स्वभाव. ते सगळं असतंच. पण वागणं ज्या क्षणी घडतं, त्या क्षणाची मांडणी आपण तपासतच नाही. घाई किती होती, कोण बघत होतं, नुकसान कशाला म्हटलं जात होतं, हाताशी काय होतं?

गोल्फमधलं उदाहरण तर आणखी स्वच्छ आहे. गोल्फमध्ये शेवटी एकूण फटके मोजतात. पार म्हणजे एका होलसाठी ठरलेले फटके, बर्डी म्हणजे त्याहून एक कमी, आणि पट (putt) म्हणजे होलजवळून चेंडू आत घालायचा हलका फटका. पारसाठी मारलेला पट आणि बर्डीसाठी मारलेला पट, दोन्ही हिशेबात एकेकच फटका. तरी व्यावसायिक स्पर्धांमधले 25 लाखांहून अधिक पट तपासल्यावर (हा अभ्यास 2011 चा) दिसलं की तितक्याच अंतरावरून, तितक्याच कठीण जागेवरून खेळाडू पारचा पट जास्त अचूक मारतात. फरक साधारण दोन टक्क्यांचा. बर्डी हुकली तर ‘कमाई’ हुकते, पार हुकला तर ‘नुकसान’ होतं. हे नाव फक्त डोक्यात असतं, गुणपत्रिकेवर नसतं, आणि तरीही ते हातात उतरतं. टायगर वुड्ससुद्धा याला अपवाद नव्हता.

आता खेळ बाजूला ठेवू. 1973 मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण विद्यालयातल्या 40 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत जायला सांगितलं. निम्म्यांचा विषय होता बायबलमधली गोष्ट, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची. वाटेत दारापाशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातल्या 63 टक्क्यांनी मदत केली, थोडी घाई असलेल्यांपैकी 45 टक्क्यांनी, आणि ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्क्यांनी. भाषणाचा विषय कोणता, धर्मभावना कशी, यावरून मदतीचा अंदाज बांधता येईना. 40 हा आकडा लहान आहे, त्यावर मनुष्यस्वभावाचा कायदा उभारू नये. पण दयेवर भाषण द्यायला निघालेला माणूस कण्हणाऱ्याला ओलांडून जातो, तेव्हा त्याची दया खोटी ठरत नाही. तिच्या आणि कृतीच्या मधे घड्याळ उभं राहिलेलं असतं.

हे रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्कीला पक्कं ठाऊक होतं. ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (1866) मधला रास्कोलनिकोव्ह खुनामागचं तत्त्वज्ञान आधीच रचून बसलेला आहे. ज्या सावकार म्हातारीला मारायचं, तिच्या घरापर्यंतची पावलंही त्याने मोजली आहेत, बरोब्बर 730. तरी त्याच्याकडून काही होत नाही. मग एका संध्याकाळी, काही कारण नसताना, तो बाजारातून वळसा घेऊन घरी निघतो आणि त्याच्या कानावर एक वाक्य पडतं: उद्या संध्याकाळी सात वाजता म्हातारीची बहीण घरी नसेल. म्हणजे म्हातारी एकटी. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली कुऱ्हाड घ्यायला जातो तर तिथे मोलकरीण आहे. बेत बारगळतोय असं वाटतं, तोच खाली दरवानाच्या खोलीत बाकाखाली दुसरी कुऱ्हाड चमकते. पुढे सोन्या नावाच्या तरुणीपाशी खून कबूल करताना तो कारणं सांगू लागतो. आईसाठी, नेपोलियन व्हायचं म्हणून, धाडस करून बघायचं म्हणून, स्वतःसाठी. एक कारण सांगतो, ते त्यालाच पटत नाही, मग दुसरं. आणि चोरलेलं पाकीट? ते त्याने उघडूनही न बघता दगडाखाली पुरलेलं असतं. माणसाच्या हेतूंची इतकी कसून उलटतपासणी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो तेही याच टोकाचं: इच्छा नसताना, जणू कुणी बळाने जुंपल्यासारखा माणूस पाप करतो, तो कुणाच्या प्रेरणेने? (3.36) ‘बळाने जुंपल्यासारखा’ हा शब्दप्रयोग मला उत्तराइतकाच मोलाचा वाटतो. आपल्याकडे ‘कळतं पण वळत नाही’ म्हणतात, त्यातली कळणं आणि वळणं यांच्यातली फट तो नेमकी दाखवतो.

या फटीवर अ‍ॅरिस्टॉटलने बारकाईने लिहिलंय. तो म्हणतो, अशा माणसाचं कळणं हे नशेत कविता घडाघडा म्हणणाऱ्यासारखं असतं. शब्द बरोबर, पण त्या घटकेला पकड नाही. शिवाय तो दोन प्रकार वेगळे करतो. एक उतावळा, जो विचार न करताच वाहून जातो. दुसरा दुबळा, जो विचार करतो, ठरवतो, आणि मग टिकत नाही. पहिल्याबद्दल त्याने गुदगुल्यांची उपमा दिली आहे: ज्यांना आधीच चाहूल लागते, त्यांना गुदगुल्या होत नाहीत. तसंच, येणारा क्षण ज्याने आधी पाहून ठेवलाय तो त्याला बळी पडत नाही.

मानसशास्त्राने हेच पुढे मोजून दाखवलं. 2002 मध्ये ब्रिटनमधला, 248 जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता, आठवड्यात एकदा तरी 20 मिनिटं दमदार व्यायाम केला का? ज्यांना काहीच विशेष सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी 38 टक्क्यांनी केला. ज्यांना हृदयविकाराची माहिती देऊन पेटवलं होतं त्यांच्यापैकी 35 टक्क्यांनी. त्यांचा निश्चय वाढला होता, व्यायाम नाही. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, वर ‘अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी करेन’ एवढं लिहून घेतलं. त्यांच्यातल्या 91 टक्क्यांनी केला.

असं वाक्य लिहायचं तर ‘जेव्हा अमुक, तेव्हा तमुक’ या साच्यात लिहा. बहुतेकांचं पहिल्या भागातच चुकतं. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे, कारण वेळ मिळालाय हे कुठेही दिसत नाही. ‘दात घासून ब्रश ठेवला की’ ही खूण, ती रोज येते आणि डोळ्यांना दिसते. ‘ऑफिसातून आलो की’ ही सुट्टीच्या दिवशी येतच नाही, मग शनिवार-रविवार बुडतात आणि सोमवारी घडी मोडलेली असते. दुसऱ्या भागात पहिली दोन मिनिटंच लिहा: ‘बूट घालून दाराबाहेर’. ‘पाच किलोमीटर’ लिहिलं की मन तिथेच घासाघीस सुरू करतं. आणि नकार लिहू नका. ‘रात्री फोन बघणार नाही’ म्हटलं की डोक्यात फोनच येतो. ‘दिवा मालवला की फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला’ असं लिहा. एका वेळी एकच वाक्य. पाच लिहिली की पाचही ढिली पडतात. मनात मुळात इच्छाच नसेल तर मात्र या वाक्याने काही होत नाही, ते इच्छेला रस्ता देतं, इच्छा पैदा करत नाही.

असा नियम मैदानावर दहा तास पाळला जाताना बघायचा असेल तर जानेवारी 2004, सिडनी. त्या मालिकेत सचिनच्या आधीच्या पाच डावांत मिळून 82 धावा. 0, 1, 37, 0, 44. त्याने काय केलं? कव्हर ड्राइव्ह, त्याचा सर्वांत देखणा फटका, कपाटात ठेवला. ऑफ स्टंपबाहेर चेंडू आला की सोडायचा, अंगावर आला की लेगला खेळायचा. गोलंदाज बाहेर टाकत राहिले, मोह दाखवत राहिले, आणि तो सोडत राहिला. 436 चेंडू, नाबाद 241, 33 चौकार आणि त्यातले बहुतेक लेग साइडला. जिद्द, एकाग्रता असे शब्द या खेळीला लावले जातात आणि ते योग्यच आहेत. पण 436 वेळा नव्याने जिद्द काढता येत नाही. निर्णय एकदाच झाला होता, प्रत्येक चेंडूला फक्त खूण ओळखायची होती.

बक्षिसांबद्दल थोडक्यात, कारण पालक आणि प्रशिक्षक इथेच हमखास चुकतात. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्र काढायला आवडणारी लहान मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. आठवडाभराहून अधिक काळाने मोकळ्या वेळात पाहिलं तर आधी कबूल केलेल्या गटातली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी होती. न सांगता दिलेल्या प्रमाणपत्राने मात्र काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बिघाड बक्षिसात नव्हता, ‘हे कर म्हणजे ते मिळेल’ या सौद्यात होता. जे मूल स्वतःहून करतंय, तिथे सौदा आणू नये.

आणि मुलगा खराब फटका मारून बाद होऊन आला, तर ‘असा का खेळलास?’ विचारू नका. तो रास्कोलनिकोव्हसारखी कारणं जमवेल. विचारा, त्याआधीचे तीन चेंडू कुठे पडले, धावफलक कधी पाहिलास, समोरून कुणी काय म्हणालं? बहुतेकदा आधी दोन षटकं धाव निघालेली नसते आणि बाहेरून कुणीतरी ‘अरे मार की’ ओरडलेलं असतं.