'एक परभणीकर' यांना उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

'एक परभणीकर', 'कॅन्सर होतो म्हणजे नेमकं काय होतं' या माझ्या लेखाखाली परवा आपण सात ओळी लिहून गेलात. पहिलीच ओळ: "मास्तरकी सोडा, आमचे आजोबा ८८ वर्षं जगले, रोज तंबाखू मळून, ठणठणीत गेले." बाकी ओळींत मी लोकांना घाबरवतो, खेड्यातल्या बाया तपासण्या करत नसतात, आणि आपल्या भाच्याला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला तो काय तंबाखू खात होता, वगैरे.

आधी चूक कबूल. एचपीव्हीला मी एका ठिकाणी 'जिवाणू' लिहिलं होतं. तो विषाणू आहे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा. दुरुस्त केलंय, आभार. पण त्यासाठी तीन उद्गारचिन्हं? एकात भागलं असतं.

आता मास्तरकी. मी मास्तरच आहे हो. अंबाजोगाईकडच्या एका शाळेत २९ वर्षं विज्ञान शिकवलं. आपण हा शब्द ज्या सुरात वापरलात, त्या सुरात आमच्याकडं पंगतीत सरपंचाचा भाचा बोलतो. 'सर' म्हणा असं माझं म्हणणं नाही, पण शिवीसारखा तरी वापरू नका.

आणि आजोबा. तंबाखू खाणारा प्रत्येक जण कॅन्सरनं मरतो, असं वाक्य माझ्या लेखात दाखवा. नाहीच. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात, हे लिहिलंय. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. नाही जमलं तर पी५३ नावाचं जनुक त्या पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. तंबाखूतली नायट्रोसामाइनं डीएनएला चिकटून या चुका वाढवतात. पण एका चुकीनं कॅन्सर होत नाही. वाढ थांबवणारी जनुकं बिघडायला हवीत, वाढवणारी मोकाट सुटायला हवीत, पी५३सारखा राखणदारही निकामी व्हायला हवा, आणि हे सगळं एकाच पेशीच्या वंशात. त्याला वर्षं लागतात. मटक्यासारखं समजा. रोज आकडा लावणाऱ्याला लागतोच असं नाही, पण जितका लावाल तितकी शक्यता वाढते. आपल्या आजोबांचा आकडा लागला नाही. आनंद आहे. तो पुरावा कसला?

माझ्या मामाचा लागला. कमरेला चंची, त्यात चुन्याची डबी, सुपारीची खांडं, आणि तंबाखूची गोळी कायम डाव्या गालात. मी शनिवारी गेलो की गमतीत म्हणायचो, "मामा, आ करा." आधी तीन बोटं उभी जायची. मग दोन. मग दीड. सुपारीनं गालाच्या आतलं कातडं ताठरतं, तोंड उघडत नाही. मामी भाकर दुधात कुस्करून द्यायची. गालाच्या आत सायीसारखा पांढरा चट्टा होता, पुसला तरी न जाणारा. चार वर्षं तो तिथंच होता. "चुना लागलाय, जिरंल." पुढं तिथं न भरणारी जखम झाली, मानेत गाठ आली, मग धावपळ. त्या चट्ट्याचा तुकडा वेळेत तपासला असता तर गोष्ट वेगळी असती कदाचित. आणि त्या चार वर्षांत दर शनिवारी समोर बसून जेवणारा हा विज्ञानाचा मास्तर काय करत होता? बोटं मोजत होता. मास्तरकी केली नाही, हो.

आता मला 'सोडा' सांगताय.

खेड्यातल्या बायांबद्दल तुम्ही (आता 'आपण' सुटलं, असू द्या) जे लिहिलंय ते तर तुमच्या मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्यानं खोटं पाडलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ज्या गटाला एचपीव्हीची एकदाच तपासणी दिली, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू, नेहमीसारखं सोडलेल्या गटाच्या साधारण निम्मे. या बाया पुण्या-मुंबईच्या नव्हत्या. मिसरी लावणाऱ्या, खुरपायला जाणाऱ्या. विषाणूची लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहा-वीस वर्षं जातात, म्हणूनच मधे पकडता येतं. मामाच्या चट्ट्यासारखंच.

घाबरवतो म्हणता, ते मान्य नाही. विषय संपला.

भाच्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तो मुद्दा इथं गैरलागू आहे, लेख तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर होता. लहान मुलांचं पुढच्या भागात लिहीन.

बाकी, पुन्हा लिहायचं तर जरूर लिहा. फक्त नाव टाकून. 'एक परभणीकर' म्हटल्यावर माझे परभणीचे तिन्ही साडू मला फोन करून विचारतायत, आमच्यातला कोण म्हणून.