हाऊ रुपया चांदीना शे

दिवाळीची साफसफाई आमच्या घरी माळ्यापासून सुरू होते आणि माझ्या डोक्यावर संपते. यंदा माळ्यावरून वनस्पती तुपाचा जुना डबा खाली आला. वजन एवढं, की मला वाटलं वडिलांनी त्यात विहिरीची मोटर ठेवली असावी. उघडून पाहिलं तर चिल्लर. तीन पिढ्यांची.

"वेगळी कर आणि काय चालतं ते बँकेत दे," आई म्हणाली. एवढंसं वाक्य. त्यापायी माझे तीन रविवार गेले.

वेगळी करायची कशी? भाच्याने तुटक्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक आणून दिलं आणि तो स्वतः क्रिकेट खेळायला गेला. पहिल्याच झटक्यात चुंबकाला रुपयांचा घोस लटकला. हे ९२पासूनचे स्टीलचे. त्याआधीचे तांबं-निकेलचे रुपये घरजावयासारखे जागचे हलेनात. तिसरा ढीग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात हलका. एक, दोन, तीन, पाच, दहा, वीस पैसे, सगळे अॅल्युमिनियमचे. आमच्याकडे त्याला जर्मन म्हणतात. चौकोनी, षटकोनी, फुलाच्या पाकळ्यांसारखे, आकार सगळे नखऱ्याचे आणि वजन शेवेच्या काडीइतकं. ६५ सालचा एक पैसा पाऊण ग्रॅमचा आहे. पंखा लावला तसे चार पैसे खरोखर सरकले. पैसा हातात टिकत नाही म्हणतात, तो आमच्याकडे ताटातही टिकेना.

यातलं चालण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं. चारआणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११पासून बंद. आठआणे कायद्याने चालतात, पण ते वाण्याला कोणी सांगितलेलं नाही. मी एकदा सांगून पाहिलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी शेंगदाण्याबरोबर गरज नसताना अर्धा किलो गूळही घेतला. भंगारवाला म्हणाला, "जर्मनच्या भावानं घेतो भो, वितळून टाकू." पण नाणी वितळवणं हाही २०११च्याच नाणे कायद्याने गुन्हा. म्हणजे ती वापरता येत नाहीत आणि मोडायलाही धीर होत नाही. आमच्या चुलतकाकांचं सायकल दुकान असंच आहे.

खरा घोळ चालू नाण्यांत झाला. ९२चा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा. २०११चं दोन रुपयांचं नाणं नेमकं त्याच मापाचं, त्याच वजनाचं. आणि २०११चा रुपया? जुन्या स्टीलच्या आठआण्यांएवढा. घरोघरी थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात, टांकसाळीत धाकट्याचे थोरल्याला चढवतात. मी दुपारभर दोन रुपयांना रुपया समजून ढीग लावत होतो. संध्याकाळी हिशेब एकशे अठरा रुपयांनी चुकला, तेव्हा चष्मा लावला आणि पुन्हा पहिल्यापासून बसलो.

असा वैतागलेलो असताना माझ्या हातून पाप घडलं. देव्हाऱ्यातला आजीचा रुपया समोर दिसला आणि मी सहज चुंबक जवळ नेलं.

टक्.

हा रुपया आजीला सासूने सूनमुख पाहताना दिलेला. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला वाघ, साल १९४७. दर लक्ष्मीपूजनाला तो दुधाने न्हातो. चांदीचा म्हणून. माझ्या बारावीच्या निकालावेळी, बहिणीच्या लग्नावेळी, ७२च्या दुष्काळातही तो मोडला नाही, हे आम्ही प्रत्येक दिवाळीला ऐकतो. आणि चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे सातवीच्या पोरालाही ठाऊक असतं. भाचा सातवीतच आहे. नेमका तेव्हाच तो पाणी प्यायला घरात आला.

"आजी, तुझा रुपया लोखंडाचा आहे!"

आजी पाटावरून उठलीसुद्धा नाही. "हाऊ रुपया चांदीना शे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, म्हणजे चांदीचाच आहे. "चुंबकले काय समजस?"

तरी मी रुपया खिशात घातला आणि पॅसेंजरने अमळनेरहून जळगाव गाठलं. सराफ बाजारात दिवाळीची ही गर्दी. लोक तोळ्यांत बोलत होते आणि मी एक रुपया काढला. सराफाने तो घासला नाही, तोलला नाही, नुसतं साल वाचलं. "काका, हा शुद्ध निकेल. ४०च्या आधीचा असता तर बारा भागांत अकरा भाग चांदी होती. युद्ध लागलं, चांदीची चणचण झाली, मग ४०पासून निम्मीच. आणि ४७मध्ये तीही गेली." निकेलही चुंबकाला चिकटतं, हे त्याने वर ऐकवलं. म्हणजे भाचाही चुकला होता. परतीच्या गाडीत तेवढाच आनंद.

सात-आठ वर्षांचा फरक. पणजीने सून जरा आधीच्या रुपयाने पाहिली असती तर काय बिघडलं असतं?

घरी आलो. आजीने रुपया हातात घेतला, पदराला पुसला. "काय म्हणे सराफ?"

मी सराफाचा सगळा इतिहास जिभेवर आणला होता. युद्ध, चणचण, निकेल. तोंडातून निघालं, "म्हणे, आता असे मिळत नाहीत."

"मी तेच सांगस," आजी म्हणाली.

लक्ष्मीपूजनाला रुपया नेहमीप्रमाणे दुधात न्हाला. जर्मनचा डबा पुन्हा माळ्यावर गेला. भाचा मात्र चार दिवस चुंबक शोधतोय. परवा आजीच्या पानाच्या चंचीला अडकित्ता आपोआप चिकटलेला मी पाहिला, पण बोललो नाही.