कमानपाट्याचा पिक बर्फात मारू नका

गिर्यारोहकांच्या गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. विषय आइस टूल्सचा, म्हणजे बर्फाच्या भिंती चढायला हातात धरायच्या छोट्या कुऱ्हाडींचा. पिक म्हणजे त्यांचं बर्फात रुतणारं दातेरी पातं, हेड म्हणजे पिक बसतो तो माथा आणि शाफ्ट म्हणजे दांडा. सुरुवातीला 'परदेशी आइस टूल्सचे पार्ट मिळत नाहीत म्हणून रडत बसू नका', शेवटी तिरंगा आणि मधे सहा मुद्दे: पिक सगळे सारखेच असतात, कुठलाही कुठेही बसतो, नाही बसला तर गाडीच्या कमानपाट्यातून, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून, लोहाराकडून करून घ्या, 'मूळ पिकपेक्षा मजबूत', पिकवर ठोकलेली बी आणि टी ही अक्षरं म्हणजे कंपन्यांची जाहिरातबाजी, बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला चालतो, तडा गेला तर वेल्डिंग, आणि जुनं पोलाद जुनं सोनं, त्याला मुदत नसते. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच.

असल्या मजकुरांकडे मी लक्ष देत नाही. पण हा माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने तो अमलात आणला. स्पितीत गोठलेले धबधबे चढायला जायचं म्हणून त्याने शार्ले मोझे कंपनीच्या क्वासार या टूलची जुनी जोडी घेतली होती, एका पिकचं टोक मोडलेलं. चार दिवसांनी माझ्या टेबलावर नवा पिक ठेवून म्हणतो, ''मामा, चारशेत काम झालं. कंपनीचा बसलाच असता हजारांत.''

तर आधी हा पिकच बघू, कारण बाकीचे बरेच मुद्दे चुकले तर पैसे जातील किंवा खेप फुकट जाईल. हा चुकला तर माणूस खाली येईल.

पाट्याची मूळ जाडी साडेसहा मिलिमीटर. आइस टूलचा पिक असतो साधारण तीन-चार मिलिमीटरचा आणि हेडमधली खाचही तेवढीच. मग लोहाराने काय करावं? मागचा भाग खाचेत जाईल इतका ग्राइंडरने घासला आणि पुढचा होता तसाच जाड ठेवला. म्हणजे पिक जिथे हेडमधून बाहेर पडतो, नेमक्या तिथे काटकोनी पायरी. वजन टाकल्यावर सगळ्यात जास्त वाकवणारा जोर याच जागी येतो, आणि तडा सुरू व्हायला असा टोकदार कोपरा लागतोच. दात अँगल ग्राइंडरने पाडलेले, प्रत्येक दाताच्या बुडाशी निळी-जांभळी झाक. पोलादावर निळा रंग चढला म्हणजे तिथलं तापमान 300 अंशांच्या आसपास तरी गेलं, किती वर गेलं ते कुणी मोजलेलं नाही, आणि एवढं तापलं की पोलादाचा कडकपणा उतरू शकतो. याच कारणासाठी कंपन्या पिकला धारसुद्धा मशीनवर लावू देत नाहीत. हातातल्या कानशीने, सावकाश, असं माहितीपत्रकात चित्र काढून सांगितलेलं असतं. इथे अख्खा पिकच ग्राइंडरवर घडवला होता. त्यात बोल्टचं भोक जरा मोठं पडलेलं, त्यामुळे बोल्ट करकचून आवळला तरी टोक अंगठ्याने डावं-उजवं हलत होतं.

'मूळ पिकपेक्षा मजबूत' या दाव्यात एक अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकतो. कमानपाट्याचं पोलाद हलकं नसतं. आपल्याकडे पाट्याचे कोयते होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. भट्टीचं तापमान ताब्यात असेल, तेलात नीट विझवलं, मग पुन्हा हव्या त्या अंशावर तापवून कडकपणा उतरवला, तर स्प्रिंगच्या पोलादातून चांगला पिक होऊही शकेल. पण भंगारातला पाटा नेमका कुठल्या जातीचा ते कुणालाच ठाऊक नसतं. खड्ड्यांतून लाखो वेळा वाकून आलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे आधीच असू शकतात. आणि पाणी किती द्यायचं, म्हणजे किती कडक करायचं, हे लोहार ठरवतो ते वस्तूच्या कामावरून. भाच्याला विचारलं, लोहाराला काय सांगितलंस? म्हणे, ''बर्फ फोडायचं हत्यार.'' त्या बिचाऱ्याने त्या हिशोबाने कडक करून दिलं. धार टिकावी म्हणून कडक केलेलं पोलाद ठिसूळ होतं, आणि थंडीत साधं पोलाद आणखी ठिसूळ होतं. स्पितीतल्या काझाला जानेवारीच्या रात्री पारा उणे वीसच्या खाली जातो. लोहाराचा दोष शून्य. त्याला कुणी सांगितलंच नाही की या टोकावर माणूस लटकणार आहे.

बरं, मोडला नाही असं धरू. तरी जाड पिक बर्फात नीट शिरत नाही. पाचरीसारखा बर्फ बाजूला रेटतो आणि बशीएवढे तुकडे सुटून खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याच्या, डोक्यावर जातात. मग चढणारा जास्त जोराने घाव घालतो. अडकला की आडवा पिळून काढायला बघतो, जे चांगल्या पिकसोबतही करायचं नसतं. पिक ज्या रेषेत आत गेला त्याच रेषेत दांडा वर-खाली हलवून सोडवायचा असतो. पायरीवाला पिक आडवा पिळला तर काय होईल ते मी भाच्याला दाखवलं. शेगड्याच्या, म्हणजे व्हाइसच्या जबड्यात टोक धरलं आणि पाइप घालून आडवं ओढलं. वाकलाही नाही, पायरीपाशी कटकन मोडला. मोडलेला काठ राखाडी, दाणेदार, म्हणजे ठिसूळ.

आता बी आणि टी. हा मुद्दा लिहिणाऱ्याने यूआयएएचा 152 क्रमांकाचा मानदंड उघडूनही पाहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेचा हा कागद तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, युरोपातला त्याचा जोडीदार ईएन 13089. बी म्हणजे साधा वापर, टी म्हणजे तांत्रिक चढाई, आणि टीसाठी ताकदीची अट जास्त कडक. नव्या टूल्सवर याच अक्षरांच्या जागी 1 आणि 2 असतात. शिवाय शाफ्टचं मानांकन वेगळं, पिकचं वेगळं. म्हणून टी शाफ्टवर बी पिक दिसला की 'बघा, कंपनीलाच पत्ता नाही' म्हणणारे भेटतात. शुद्ध बर्फासाठीचा बारीक पिक मुद्दाम बी असू शकतो, कारण तो छान शिरतो. तो खडकाच्या भेगेत घालून पिळायचा नाही, एवढंच. जाहिरातच करायची असती तर कुठल्या कंपनीने आपल्याच मालावर कमी दर्जाचं अक्षर ठोकलं असतं?

'कुठलाही पिक कुठेही बसतो'. नाही बसत. भोकांची संख्या, त्यांच्यातलं अंतर, मागचा आकार, जाडी, सगळं कंपनीगणिक वेगळं, आणि कित्येकदा एकाच कंपनीत पिढीगणिक वेगळं. त्यातून जुन्या टूल्सच्या कंपन्याच जागेवर राहिलेल्या नाहीत. श्वीनार्ड इक्विपमेंट 1989 मध्ये दिवाळखोरीत गेली, तिच्यातूनच ब्लॅक डायमंड उभी राहिली. शार्ले मोझे पेट्झलने घेतली. शामोनीची सिमोंड 2008 पासून डेकॅथलॉनची आहे, म्हणून मजकुरात 'सिमोंडचे पार्ट डेकॅथलॉनला मिळतात' असंही ठोकून दिलंय. जाऊन मागून बघा शाकालचा, सिमोंडच्या जुन्या टूलचा, पिक. काउंटरवरचा मुलगा तुम्हाला ट्रेकिंगच्या काठ्या दाखवेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. ते टूल त्याच्या जन्माआधीचं आहे.

बोल्टबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. बोल्ट ही सोन्याची वस्तू नाही, मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळू शकतो. पण आटे मोजून घ्या. जुन्या अमेरिकन टूलवर इंची आटे असू शकतात. पाव इंची, इंचाला 20 आट्यांच्या बोल्टचा व्यास 6.35 मिलिमीटर आणि आट्यांतलं अंतर 1.27, मिलिमीटरच्या मापातल्या एम6 चा व्यास 6 आणि अंतर 1. इंची नटात एम6 जातो, फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि जोर आला की निसटतो. बोल्टच्या डोक्यावर 8.8, 10.9 असा ताकदीचा आकडा असतो, तो मूळ बोल्टइतका किंवा वरचा हवा. चकचकीत स्टेनलेस दिसला म्हणून भुलू नका, दुकानातला नेहमीचा ए2-70 जातीचा स्टेनलेस बोल्ट हा 8.8 पेक्षा कमी ताकदीचा. लांबी तीच आणि बिनआट्यांचा भागही तेवढाच असेल, तर खुशाल लावा. पकडीचं रबर गेलं असेल तर सेल्फ-फ्यूजिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटणारी, सिलिकॉन टेप गुंडाळा, त्यालाही माझी हरकत नाही.

वेल्डिंगवर शब्द खर्च करत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि तडा पुढच्या वेळी तिथून जातो. शाफ्ट 7075 जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर नेहमीच्या वेल्डिंगने तो नीट सांधलाच जात नाही.

'जुन्याला मुदत नसते' हे धातूपुरतं बरोबर आहे. पेट्झलसुद्धा धातूच्या वस्तूंना वर्षांची मर्यादा घालत नाही. प्लास्टिक आणि कापडाला मात्र तीच कंपनी बनवल्यापासून जास्तीत जास्त 10 वर्षं देते. म्हणजे जुन्या टूलसोबत आलेली लीश, मनगटाला अडकवायचा पट्टा, थेट कचऱ्यात. आणि मुदत नसली तरी तपासणी असतेच: पिकच्या बुडाशी, बोल्टच्या भोकाभोवती, हेड आणि शाफ्टच्या सांध्यावर, भिंग घेऊन.

मग पार्ट मिळवायचे कसे? आधी टूलचं नाव आणि पिढी नक्की करा. पिक काढून कागदावर ठेवून बारीक पेन्सिलने रेघ मारा, भोकांच्या केंद्रांतलं अंतर आणि जाडी व्हर्नियरने मोजा, पिक आणि हेड दोन्हींचे फोटो काढा. हे सगळं आधी कंपनीला पाठवा. तिथे नाही म्हणाले तर दुसऱ्यांच्या टूल्ससाठी पिक बनवणारे आहेत, पोलंडमधली कुझ्निया श्पेयू त्यांतली एक. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते बघा. तेही नसेल तर त्याच मॉडेलची दुसरी जोडी फक्त पिकसाठी घ्या, शाफ्टला पोचे असले तरी बिघडत नाही. क्वासारचं आम्ही हेच करतोय. तोवर भाचा गिर्यारोहण संस्थेची टूल्स भाड्याने घेऊन जाईल आणि कुरकुर करेल.

आणि जोडी अजून घेतलेलीच नसेल, तर सौदा करताना पिककडे आधी बघा. पुढचा दात कानशीने घासून संपत आलाय का? नवा पिक आज कुठे मिळतोय? विकणारा 'अहो, पिक काय, कुठेही मिळतो' म्हणाला, तर त्यालाच म्हणावं, दोन आणून लाव, मग पैसे मोजतो.