‘झाड झोपले आहे, खुशाल हलवा’: थंड प्रदेशातील वृक्ष-स्थलांतराविषयीच्या एका लोकप्रिय मजकुराचा प्रतिवाद

थंड हवामानात सावलीचे आणि शोभेचे वृक्ष एका जागेवरून दुसऱ्या जागी कसे हलवावेत, याविषयीचा एक मजकूर बागप्रेमींमध्ये मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचे सार असे: पानगळ झाली की झाड झोपते आणि झोपलेल्या झाडाला काही कळत नाही, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर ते खुशाल उपटून हलवावे. जमीन वरून गोठत जाते, तेव्हा खड्डा जितका खोल तितकी मुळे उबदार. खड्डा खताने भरावा. मुळे तुटली, म्हणून फांद्याही एक तृतीयांश छाटून तोल साधावा. खोड काठीला घट्ट आवळावे, त्यावर काळे कापड गुंडाळावे आणि बुंध्याशी आच्छादनाचा उंच ढीग घालावा. मग वसंतापर्यंत पाणी देऊ नये, आणि वसंतात पालवी फुटली की झाड लागले असे समजावे.

सूचना ठाम आहेत, लक्षात ठेवायला सोप्या आहेत, आणि त्यांतील पहिल्या सूचनेत सत्याचा अंशही आहे. पानगळीचे वृक्ष निष्पर्ण अवस्थेत हलवणे योग्यच असते, कारण पाने नसताना बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून वाफेच्या रूपाने पाणी जाणे, जवळपास थांबलेले असते आणि तुटलेल्या मुळांवर पाण्याच्या मागणीचा ताण येत नाही. परंतु त्यापुढचे सगळे तर्क एकाच गैरसमजावर उभे आहेत: जमिनीच्या वर जे दिसते तेच जमिनीखालीही घडत असते, असे लेखकाने गृहीत धरले आहे. हलवलेल्या झाडाचा खरा प्रश्न मुळांचा आणि पाण्याचा असतो, आणि थंडी तो प्रश्न अधिक बिकट करते.

प्रथम झोपेविषयी. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागतात तेव्हा कळ्या सुप्तावस्थेत जातात आणि पुरेशी थंडी भोगल्याशिवाय त्या उमलत नाहीत. ही त्यांची अंगभूत विश्रांती आहे. मुळांमध्ये अशी अंगभूत सुप्तावस्था दिसत नाही. मातीचे तापमान आणि ओलावा अनुकूल असेपर्यंत ती वाढत राहतात, आणि माती साधारण 5 अंश सेल्सिअसच्या खाली गेली की वाढ जवळपास थांबते. हवा थंड झाली तरी माती सावकाश निवते, आणि म्हणूनच शरदातील लागवडीला अर्थ आहे: पाने गेलेली, मागणी घटलेली, पण मुळांना नवे धुमारे फोडण्यासाठी काही आठवडे शिल्लक. ‘हिवाळ्याच्या तोंडावर’ लागवड करा असे सांगणारा मजकूर नेमके हेच आठवडे वाया घालवतो.

सहनशक्तीतही मोठा फरक आहे. काटक वृक्षांच्या फांद्या थंडीला सरावल्यानंतर उणे 30, उणे 40 अंशही सोसतात. त्यांच्या पेशींतील पाणी हळूहळू बाहेर पडून दोन पेशींच्या मधल्या पोकळ्यांत गोठते आणि पेशी स्वतः बचावते. जपानी संशोधक अकिरा साकाई यांनी 1960 मध्ये तर असे दाखवले की, काही वृक्षांच्या फांद्या आधी टप्प्याटप्प्याने गोठवल्या तर उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधूनही जिवंत बाहेर येतात. त्याच वर्गातील अनेक शोभेच्या झाडांची कोवळी मुळे मात्र उणे 5 ते उणे 10 अंशांच्या दरम्यान मरू लागतात. जमिनीत हे सहसा उघडकीस येत नाही, कारण माती आणि तिच्यावरील बर्फ मुळांना पांघरूण घालतात; कुंडीत किंवा उघड्यावर ठेवलेल्या हुंडीत (झाडाबरोबर खणून काढलेल्या, मुळांसकटच्या मातीच्या गोळ्यात) ते पांघरूण नसते. रोपवाटिकेतून आणलेले झाड लावण्यापूर्वी थंडीच्या रात्री बाहेर तसेच ठेवले, तर फांद्या टवटवीत दिसत असतानाच मुळे निकामी होऊ शकतात.

आणि सर्व झाडे या बाबतीत सारखी नाहीत. बर्च, मॅग्नोलिया, विलो आणि ओकच्या अनेक जाती शरदात हलवल्यास दगावण्याचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे त्यांच्यासाठी कळ्या फुटण्याआधीचा वसंत बरा. स्प्रूस, पाइन यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांची पाने हिवाळाभर अंगावर असतात. त्यांना शरदात हलवायचेच असेल तर पानगळीच्या झाडांपेक्षा बरेच आधी हलवावे. जातीच्या नावावर विसंबणेही पुरेसे नाही. वाढ केव्हा थांबवायची हे झाड दिवसाच्या लांबीवरून ठरवते, आणि ते गणित त्याच्या मूळ प्रदेशानुसार बसलेले असते. उबदार प्रदेशातील बियांपासून वाढवलेला लाल मेपल उत्तरेकडे लावला की शरदात उशिरापर्यंत वाढत राहतो आणि कोवळ्या फांद्यांसकट हिमात सापडतो, जरी त्याच जातीचा स्थानिक वृक्ष शेजारीच सुखरूप उभा असला तरी.

‘वसंतापर्यंत पाणी नको’ ही या मजकुरातील सर्वांत घातक सूचना आहे. शेतात वाढवलेले झाड मातीच्या हुंडीसह खणून काढताना त्याच्या मुळांचा फार मोठा हिस्सा, बहुतेकदा 90 टक्क्यांहून अधिक, मागे जमिनीतच राहतो. हुंडीचा व्यास खोडाच्या व्यासाच्या 10 ते 12 पट असावा असा रोपवाटिकांचा संकेत आहे. मुळे मात्र फांद्यांच्या घेराबाहेर कितीतरी दूर पसरलेली असतात. उरलेल्या मुळांना त्या लहानशा हुंडीतूनच सगळे पाणी ओढायचे असते, आणि हुंडी आजूबाजूच्या मातीपेक्षा कितीतरी लवकर सुकते. शेजारची जमीन ओली दिसते म्हणून झाडाला पाणी मिळते आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. बोट किंवा काठी हुंडीतच खुपसून पाहावी लागते.

सदाहरित वृक्षांची अडचण याहून मोठी आहे. स्वच्छ उन्हाच्या, वाऱ्याच्या हिवाळी दिवशी त्यांची पाने पाणी गमावत राहतात, आणि खाली माती गोठलेली असल्याने मुळे ते भरून काढू शकत नाहीत. वसंतात ज्या पिंगट, करपलेल्या सुयांना लोक ‘थंडीने जळल्या’ म्हणतात, त्या पुष्कळदा तहानेने वाळलेल्या असतात. म्हणून जमीन गोठेपर्यंत पाणी चालू ठेवावे आणि गोठण्यापूर्वी एकदा खोलवर भिजवावे. याचा दुसराही लाभ आहे: ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठवते, आणि तिच्यातील प्रत्येक किलो पाणी गोठताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे ओल्या जमिनीत गोठण सावकाश खाली उतरते. हिवाळ्यात मध्येच जमीन सुटली आणि पाऊस-बर्फ नसेल, तर तेव्हाही पाणी द्यावे. अर्थात भिजवणे म्हणजे तुंबवणे नव्हे; चिकणमातीत पाणी साचले तर मुळे गुदमरतात.

खोल खड्ड्याचा युक्तिवाद ऐकायला शास्त्रीय वाटतो, आणि माती जितकी खोल तितकी कमी गोठते हे खरेही आहे. पण मुळांना उबेइतकाच प्राणवायू लागतो, आणि तो वरच्या थरात असतो. म्हणूनच पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या 30 सेंटिमीटरमध्ये आढळतात. खड्डा हुंडीच्या उंचीपेक्षा खोल खणला तर तळाची भुसभुशीत माती बसते आणि झाड आणखी खाली जाते. खोडाची साल कायम ओल्या मातीत राहण्यासाठी घडलेली नसते. ती कुजते, आणि गाडलेल्या बुंध्याभोवती फिरणारी मुळे पुढे दहा-पंधरा वर्षांनी खोडालाच फास लावतात. बुंधा जिथे रुंदावून मुळांत पसरू लागतो, तो भाग जमिनीच्या पातळीला किंवा किंचित वर दिसला पाहिजे. रोपवाटिकेतून आलेल्या हुंडीतही तो अनेकदा मातीखाली दडलेला असतो, तेव्हा आधी वरची माती खरवडून तो शोधावा आणि मगच खोली ठरवावी. खड्डा रुंद मात्र हुंडीच्या दुप्पट-तिप्पट करावा, कारण नवी मुळे आडवी धावतात. कुंडीच्या कडेने गोल फिरलेली मुळे कापून मोकळी करावीत, आणि हुंडीवरचे दोर, गोणपाट व तारेची जाळी निदान वरच्या अर्ध्या भागातून काढावी. ती जमिनीत आपोआप कुजेल, या आशेवर किती झाडे गळफास घेऊन उभी आहेत, याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

खताविषयी थोडक्यात. अमेरिकेतील उद्यानविद्यातज्ज्ञ कार्ल व्हिटकॉम्ब यांच्या 1970 च्या दशकातील प्रयोगांपासून हे वारंवार दिसले आहे की, खड्ड्यात कंपोस्ट किंवा पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेला पालापाचोळा) मिसळल्याने झाडाला सहसा लाभ होत नाही. खड्ड्यातील माती आणि भोवतालची माती यांचा पोत वेगळा झाला की पाण्याची ये-जा त्या सीमेवर अडखळते. खणून काढलेलीच माती परत भरावी. नत्रयुक्त खत पहिल्या वर्षी देऊ नये, कारण ते घेण्यासाठी लागणारी मुळेच अद्याप नसतात. कंपोस्ट घालायचेच असेल तर वरून आच्छादनाखाली पसरावे.

एक तृतीयांश छाटणीचा सल्ला मोठमोठ्या माळ्यांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या आलेला आहे, त्यामुळे त्याला हात लावणे अनेकांना औद्धत्य वाटते. ‘मुळे कमी झाली, तर फांद्याही कमी करा’ हे साधे गणित आहे, पण झाड हिशेबाची वही नाही. नवी मुळे घडवण्यासाठी लागणारे अन्न पाने तयार करतात, आणि मुळे फुटण्याची प्रेरणा देणारे ऑक्झिन हे संप्रेरक फांद्यांच्या शेंड्यांवरील कळ्यांतून व कोवळ्या पानांतून खाली वाहते. शेंडे उडवले की दोन्ही कमी होतात. शिवाय फांद्यांत साठलेले अन्नही जाते, आणि उन्हाळ्यात छाटलेल्या जागी भरमसाट नवे कोंब येऊन पाण्याची मागणी पुन्हा वाढते. मोडलेल्या, वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. झाडाला आकार देण्याची छाटणी ते स्थिरावल्यावर करावी. जखमांना रंग किंवा डांबर फासण्याचीही गरज नाही. अलेक्स शायगो यांनी अमेरिकी वनसेवेत हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की, झाड जखम भरून काढत नाही, तर ती आतून बंदिस्त करते, आणि वरच्या लेपाने कुजण्याची प्रक्रिया थांबत नाही.

काठीचा प्रश्न लहान आहे. हुंडी जड असेल आणि जागा वाऱ्याची नसेल, तर बहुतेक झाडांना आधार लागतच नाही. लागला तर खालच्या बाजूला, रुंद मऊ पट्ट्याने, खोड थोडे डोलू शकेल असा सैल द्यावा आणि वर्षभरात काढून टाकावा. वाऱ्याने हलणारे खोड बुंध्याशी जाड होते. आवळून बांधलेले उंच वाढते, पण बारीक राहते.

काळे कापड गुंडाळण्यामागे झाडाला ऊब देण्याचा सद्हेतू आहे आणि नेमका तोच घात करतो. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातील दुपारचे ऊन कोवळ्या खोडाच्या नैर्ऋत्येकडील बाजूवर पडते, बर्फावरून परावर्तित होऊन आणखी तापवते, आणि त्या बाजूच्या सालीखालील जिवंत थर सुप्तावस्थेतून बाहेर येऊ लागतो. सूर्य मावळताच तापमान झपाट्याने उतरते आणि तो थर मरतो. वसंतात तिथे उभी भेग आणि खपली गेलेली साल दिसते. मेपल, लिंडेन, चेरी, सफरचंद अशा पातळ सालीच्या झाडांना हा धोका विशेष आहे. काळा रंग ऊन शोषून हीच आंदोलने तीव्र करतो. संरक्षक वेष्टन पांढरे किंवा फिकट असावे, शरदात घालावे आणि वसंतात न विसरता काढावे, अन्यथा त्याखाली ओल आणि किडी राहतात.

आच्छादन हवेच, पण ढीग नको. लाकडाच्या ढलप्यांचा 5 ते 10 सेंटिमीटर थर हुंडीपलीकडेपर्यंत पसरावा, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. बुंध्याला टेकलेला ढीग साल ओली ठेवतो आणि उंदरांना हिवाळाभराचे घर देतो. बर्फाखाली सुरक्षित बसून ते साल गोलाकार कुरतडतात, आणि पूर्ण वलय सोलले गेले की झाड वाचवणे जवळपास अशक्य होते. बारीक छिद्रांच्या जाळीचे नळकांडे खोडाभोवती, अपेक्षित बर्फाच्या पातळीहून उंच, बसवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. सशांचा उपद्रव असेल तर उंची आणखी वाढवावी, कारण साचलेल्या बर्फावर उभा राहून ससा वरच्या सालीपर्यंत पोहोचतो.

राहिला पालवीचा पुरावा. पहिल्या वसंतातील पाने मागच्या वर्षी कळ्यांत तयार झालेली असतात आणि खोडात साठलेल्या अन्नावर व पाण्यावर उमलतात. मुळे नावापुरती असली तरी ती उमलू शकतात. झाड कोसळते ते पुढे, जून-जुलैच्या उकाड्यात, किंवा कधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. अमेरिकी वृक्षसंशोधक गॅरी वॉटसन यांनी 1985 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार थंड समशीतोष्ण हवामानात 10 सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला पूर्वीचा मूळसंभार परत मिळवायला सुमारे 5 वर्षे लागतात, तर 25 सेंटिमीटरच्या झाडाला सुमारे 13 वर्षे. खोडाच्या दर 2.5 सेंटिमीटर व्यासामागे एक वर्ष, हा ठोकताळा यावरूनच रूढ झाला. ‘लवकर सावली हवी’ म्हणून मोठे झाड हलवणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा. त्या काळात शेजारी लावलेले लहान झाड अनेकदा त्याला गाठते. तोपर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात खोडाच्या दर 2.5 सेंटिमीटर व्यासामागे एका वेळी 4 ते 6 लिटर पाणी द्यावे: लागवडीनंतर पहिले दोन आठवडे रोज, पुढे साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत दोन-तीन दिवसांआड, आणि त्यानंतर मुळे पूर्ण पसरेपर्यंत आठवड्यातून एकदा. पाऊस पुरेसा झाला असेल तेव्हाच ही पाळी चुकवावी.